फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता?

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक जुना, पिवळट फोटो फिरत येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘ओळखा पाहू!’ आणि पाच मिनिटांत रामबागेपासून सुदामानगरपर्यंतचे सगळे काका-मावश्या एकच उत्तर देतात: राजवाडा. उत्तर बरोबरच असतं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, न ओळखायला काय झालं? पण फोटोत काय दिसतंय हा एक प्रश्न, आणि तो कुठून काढलाय हा दुसरा. दुसऱ्याला ‘राजवाड्यासमोरून’ एवढं उत्तर पुरत नाही. समोरून म्हणजे किती लांबून? जमिनीवरून की कुणाच्या गच्चीवरून? मधोमध उभं राहून की खजुरी बाजाराच्या अंगाला सरकून?

हे उत्तर थोडी चिकाटी ठेवली तर हात-दोन हातांच्या अंतरापर्यंत काढता येतं. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत, शाळेतली भूमिती आणि भरपूर पायपीट लागते. आणि जागा पक्की झाली की बाकीची माहिती तिच्यामागून येते. फोटोची तारीख, वेळ, इतकंच काय, खाली छापलेली ओळ खरी की थाप, हेसुद्धा.

थापेचंच उदाहरण आधी घेऊ. स्पेनच्या यादवी युद्धातला, 1936 सालचा, युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी काढलेला फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक, हातातून निसटणारी बंदूक, मागे उघडा माळ. कोर्दोबाजवळच्या सेरो मुरियानो इथला हा फोटो, असं कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. सैनिक कोण, तो खरंच मेला का, यावर लोकांनी सैनिकाकडेच बघत हमरीतुमरी केली. बास्क प्रांतातल्या विद्यापीठातले प्राध्यापक होसे मानुएल सुस्पेरेगी यांनी मात्र सैनिक सोडून मागचे डोंगर बघितले. त्याच दिवशीच्या इतर फोटोंमध्ये डोंगरांची रेघ जास्त स्पष्ट होती, आणि ती सेरो मुरियानोच्या आसपास कुठेच बसेना. मग त्यांनी त्या भागातल्या गावोगावच्या ग्रंथपालांना आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तो देखावा पाठवून विचारायला सुरुवात केली, हे कुणाच्या ओळखीचं आहे का? उत्तर आलं एस्पेखो या गावाहून, पन्नासेक किलोमीटर लांबून. 2009 साली त्यांनी हे जगासमोर मांडलं. अडचण अशी की सप्टेंबर 1936 च्या त्या सुरुवातीच्या दिवसांत एस्पेखोला लढाईच चालू नव्हती. मग गोळी कुणी झाडली? कापांची बाजू घेणारे अजूनही आहेत, पण त्यांचं काम आता फार अवघड झालंय. माझं मत विचाराल तर फोटो रचलेला असावा. निदान त्याखालची ओळ तरी चुकीची होती, एवढं नक्की.

आता मुख्य युक्ती. एक डोळा मिटून हात लांब करा आणि अंगठा समोरच्या खिडकीच्या गजासमोर धरा. डोकं जरा डावीकडे न्या. अंगठा गजाच्या उजवीकडे सरकलेला दिसेल. जवळची वस्तू आणि लांबची वस्तू एकमेकींच्या नेमक्या आड कुठे येतात, हे बघणाऱ्याच्या जागेवर ठरतं. तुम्ही हललात की आड येणं मोडलं. जागा शोधणाऱ्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

इंदुरात हे करून बघायला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांइतकी चांगली जागा नाही. नदीकाठी होळकरांच्या तीन छत्र्या. एक कृष्णाबाईंची, आणि शेजारी जोडून दुसरे तुकोजीराव आणि त्यांचे चिरंजीव शिवाजीराव यांच्या. पुलावरून चालत जाताना नजर शिखरांवर ठेवा. पाऊल टाकाल तशी दोन शिखरं एकमेकांजवळ येतात, एक दुसऱ्यामागे शिरतं, मग पलीकडून बाहेर पडतं. आता समजा हातातल्या जुन्या फोटोत मागच्या शिखराची कड पुढच्याच्या कळसाला जेमतेम टेकलेली आहे. असं दिसण्याची जागा जगात एकच रेघ. ती या दोन शिखरांमधून निघून तुमच्या दिशेनं येते, आणि फोटोग्राफर या रेघेवर कुठेतरी उभा होता. जवळ की लांब, ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी फोटोतच दुसरी जोडी शोधायची. घाटाच्या पायरीचा कोपरा आणि त्यामागचा एखादा खांब चालेल. तिची दुसरी रेघ. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय होते. तिसरी जोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिसरी रेघही त्याच बिंदूतून गेली तर ताळा जमला म्हणायचा, आणि नाही गेली तर आधीच्या दोहोंपैकी एक चुकली.

इथं बऱ्याच जणांची फसगत होते ती लेन्सवरून. ‘त्यांच्याकडे वेगळी लेन्स होती, म्हणून आपल्याला तसं दिसत नाही,’ असं हमखास ऐकू येतं. लेन्स बदलली की फोटोत किती भाग मावतो ते बदलतं. काय कशाच्या आड येतं ते तिळभरही बदलत नाही. झूम करून काढा, रुंद लेन्सनं काढा, एकाच जागेवरून काढलं तर शिखराची कड कळसाला तेवढीच टेकणार. दुरून झूम केलेल्या फोटोत मागचा डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो, तो लेन्समुळे नाही. फोटोग्राफर लांब गेला म्हणून. त्यामुळे मोबाइल घेऊन गेलात तरी चालतं, फक्त बोटांनी झूम करून जागा जुळवायचा मोह टाळायचा. पायांनी जुळवायची.

उंचीचं गणित वेगळं. मोकळ्या मैदानावर क्षितिजाची रेघ ज्या उंचीवरून जाते तीच कॅमेऱ्याची उंची. शहरात क्षितिज कुठून आणणार? तिथं इमारतींवरच्या आडव्या रेघा बघायच्या. सज्जे, कठडे, मजल्यांचे पट्टे. तिरकी दिसणारी एखादी भिंत घ्या. कॅमेऱ्याच्या वर असलेल्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या रेघा वर चढतात. मध्ये कुठेतरी एक रेघ सरळ, आडवीच राहते. ती ज्या मजल्यावर, त्या मजल्याच्या उंचीवर कॅमेरा. ही सरळ रेघ शेजारच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर सापडली तर फोटो रस्त्यावरून काढलेलाच नाही, समोरच्या कुणाच्या तरी माडीवरून काढलाय. मग रस्त्यात उभं राहून कितीही मागेपुढे झालात तरी जमायचं नाही. (राजवाड्यासमोरच्या दुकानदाराला ‘तुमच्या गच्चीवर जाऊ का’ असं विचारायला सकाळी दुकान उघडतानाची वेळ बरी. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारलंत तर उत्तर काय मिळेल ते सांगायला नको.)

हे सगळं करण्याआधी मात्र हातातला फोटो तपासायला हवा. फिरत फिरत आलेला फोटो कडांनी कापलेला असतो, आणि नेमकी उपयोगाची वस्तू त्या कापलेल्या कडेत असते. गुगल लेन्समध्ये टाकून मोठ्यात मोठी, जुन्यात जुनी प्रत शोधा. घरचा छापील फोटो असेल तर उलटा करून मागचा स्टुडिओचा शिक्का वाचा. त्यानंतर फोटो उलटसुलट तर झालेला नाही ना, हे बघा. काचेच्या निगेटिव्हचा फोटो चुकीच्या बाजूनं छापला की डावं-उजवं बदलतं. सुरुवातीच्या काळातल्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट उमटणाऱ्या फोटोत, तर प्रतिमा आरशातल्यासारखी उलटीच उमटायची. 1838 साली डागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपलचा जो प्रसिद्ध फोटो काढला, तो घेऊन कुणी त्या रस्त्यावर गेला तर त्याला सगळी घरं चुकीच्या बाजूला सापडतील. अमेरिकेतला बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता, ही आख्यायिकाही पत्र्यावरच्या अशाच एका उलट्या फोटोतून निघाली. त्याच्या विंचेस्टर बंदुकीत गोळ्या भरायची खाच उजव्या अंगाला असते, फोटोत ती डावीकडे दिसते. तिथं भांडं फुटलं.

उलटेपणा ओळखायला पाटी, घड्याळाचा काटा, शर्टाची बटणं कामी येतात. साडीचा पदरही येतो, पण जपून. आमच्या घरी आजीच्या मैत्रिणींचा छत्र्यांच्या पायऱ्यांवरचा एक फोटो आहे. बहुतेक जणींचा पदर डाव्या खांद्यावर, एकीचा मात्र उजव्या खांद्यावरून पुढे आलेला. घरातल्या एका हुशार नातवानं लगेच जाहीर केलं की फोटोत कुणीतरी काहीतरी ‘एडिट’ केलंय. काही केलेलं नाही. त्या शेजारच्या बेन होत्या, गुजराती पद्धतीनं नेसलेल्या. इंदूर-बडोद्याकडचे फोटो बघताना हे ध्यानात ठेवावं लागतं. एका पदरावरून निवाडा करायचा नाही, सगळे बघायचे.

ऊन आणि सावली ही दुसरी मोठी शिदोरी. खांबाची उंची आणि त्याच्या सावलीची लांबी यांच्या प्रमाणावरून सूर्य आकाशात किती वर होता ते कळतं. सावली खांबाएवढी असेल तर बरोबर 45 अंश. सावलीची दिशा कळली, आणि इमारतीचं तोंड कुठे आहे ते होकायंत्रावर किंवा नकाशावर बघितलं, की सूर्य कोणत्या दिशेला होता तेही कळतं. हे दोन आकडे सूर्याची जागा दाखवणाऱ्या सनकॅल्कसारख्या साइटवर ताडून बघितले की तारीख आणि वेळेचा पट्टा मिळतो.

आपल्या गावाची यात एक गंमत आहे. इंदूर सुमारे 22.7 अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि सावली चिमूटभर का होईना, दक्षिणेला पडते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर असल्यामुळे तिथं दुपारी बाराची सावली वर्षात एकदाही दक्षिणेला जात नाही. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इंदुरात ऐन मध्यान्हीलाही सूर्य 44 अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे सावली वस्तूपेक्षा थोडी लांबच राहते. कुणी आखूड सावल्यांचा फोटो दाखवून ‘नाताळच्या सुट्टीतला’ म्हणाला तर मान डोलवू नका. घड्याळाची वेळ काढताना आणखी एक दुरुस्ती करावी लागते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि आपण पडलो पश्चिमेला, म्हणून इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून सत्तावीस मिनिटं झालेली असतात. तीही 1 जानेवारी 1906 नंतरच्या फोटोंची गोष्ट. त्याआधी ही प्रमाणवेळ लागूच झालेली नव्हती.

सावलीची एक मर्यादा अशी की सूर्य वर्षातून दोनदा त्याच वाटेनं जातो. एप्रिलच्या मधली सावली ऑगस्टच्या शेवटाकडे पुन्हा तशीच पडते. मग झाडांची पानं, अंगावरचे कपडे, रस्त्यावरचा चिखल यांच्याकडे बघून दोहोंपैकी एक निवडायची. तारीख आधीच ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला, खलाशी एका तरुणीचं चुंबन घेतोय तो आल्फ्रेड आयझेनस्टाट यांचा फोटो 14 ऑगस्ट 1945 चा, हे माहीत होतं. खलाशी आपणच, असे दावे करणारे मात्र बरेच निघाले. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनल्ड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या इमारतीवर पडलेली ॲस्टर हॉटेलच्या पाटीची सावली धरून गणित केलं आणि संध्याकाळचे 5 वाजून 51 मिनिटं ही वेळ काढली. ज्यांच्या हकिगती दुपारच्या होत्या, त्यांची पंचाईत झाली.

चंद्र मात्र तशीच जागा तशाच कलेनं सहजासहजी पुन्हा धरत नाही, म्हणून फोटोत चंद्र असला की शोधणारा खूश. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो याचा नमुना आहे. खाली छोटं गाव, चर्च, दफनभूमीतले क्रूस मावळतीच्या उन्हात उजळलेले, मागे बर्फाचे डोंगर आणि काळ्या आकाशात चंद्र. ॲडम्स मोटारीच्या टपावर तिपाई लावून उभे राहिले, प्रकाश मोजायचं मीटर सापडेना म्हणून चंद्राच्या तेजाचा आकडा आठवून अंदाजानं फोटो घेतला. हे सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. साल मात्र आठवत नव्हतं. 1940 पासून 1944 पर्यंत वेगवेगळी सालं त्या फोटोखाली पडली. डेव्हिड एल्मोर या खगोलशास्त्रज्ञानं डोंगरांवरच्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून 31 ऑक्टोबर 1941, दुपारी 4 वाजून 3 मिनिटं, असं उत्तर काढलं. सगळ्यांचं समाधान झालं. खगोलशास्त्राच्या मासिकातले डेनिस दि चिको यांचं झालं नाही. ते स्वतः हर्नांडेझला गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की महामार्ग मधल्या काळात सरकलाय. ॲडम्स उभे होते तो जुन्या रस्त्याचा काठ आजच्या डांबरी रस्त्यापासून 50 फूट पश्चिमेला. ही जागा धरून आणि गणित नव्यानं करून 1991 साली त्यांनी उत्तर दिलं: 1 नोव्हेंबर 1941, संध्याकाळी 4 वाजून 49 मिनिटं 20 सेकंद. आधीच्या उत्तरापेक्षा एक दिवस पुढे, आणि आता सेकंदांपर्यंत खात्री.

घरबसल्या नकाशावर जागा ‘सापडली’ म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. आजचा रस्ता म्हणजे तेव्हाचा रस्ता नव्हे. आपल्याकडे तर रस्तारुंदीकरणात घरांची तोंडंच्या तोंडं मागे गेलीत. पॅट्रिक गेडेस यांनी 1918 साली इंदूरच्या नगररचनेचा जो अहवाल दिला, त्यासारखे जुने नकाशे म्हणूनच आजच्या उपग्रहचित्रापेक्षा जास्त कामाचे ठरतात. आधी त्या काळची गल्ली उभी करायची, मग तिच्यात फोटोग्राफर उभा करायचा.

काळाची हद्द बांधायलाही इमारतीच उपयोगी पडतात. फोटोत घंटाघराचा, म्हणजे गांधी हॉलचा मनोरा दिसत असेल तर फोटो 1904 च्या आधीचा असणं शक्य नाही. छत्र्या तिन्ही पूर्ण दिसत असतील तर शिवाजीराव होळकर वारले ते 1908 साल उलटून गेलेलं. राजवाड्यामागचा लाकडी पसारा शाबूत असेल तर 1984 च्या आगीआधीचा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर ‘तेली का मंदिर’च्या पुढ्यात कोरीव तुकडे रचून उभं केलेलं दार आहे. ते मेजर कीथ यांच्या, 1880 च्या दशकाच्या सुरुवातीच्या डागडुजीतलं. दार नसलेला फोटो त्याच्या आधीचा. कधी जागाच तारीख खोटी पाडते. लाल किल्ल्याच्या तटावर तिरंगा फडकवणाऱ्या नेहरूंचा फोटो ‘15 ऑगस्ट 1947’ म्हणून दर वर्षी फिरतो. 15 तारखेला झेंडा फडकला तो इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये. लाल किल्ल्यावरचा समारंभ 16 तारखेचा. तट दिसला की तारीख एक दिवस पुढे घ्यायची.

मध्य भारतात हे काम करणाऱ्याला राजा दीनदयाळ यांच्यापाशी यावंच लागतं. रुडकीला स्थापत्याचं शिक्षण घेऊन ते 1866 साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रकं करायच्या नोकरीवर आले. फोटोग्राफी त्यांनी इथंच उचलली. दुसरे तुकोजीराव आणि इंग्रज रेसिडेन्सीतले अधिकारी त्यांच्या पाठीशी होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते हैदराबादेत गाजले, पण हात बसला तो इंदुरात. मध्य भारतातल्या स्मारकांचे त्यांचे फोटो लेपेल ग्रिफिन यांच्या 1886 सालच्या पुस्तकात आले. त्यांच्या काचेच्या जवळपास तीन हजार निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. जागा शोधायला त्यांचे फोटो मला सोपे वाटतात, कारण आराखडे काढणाऱ्याची नजर आहे ती. रेघा सरळ, कॅमेरा समपातळीत, इमारतीचे दोन अंग दिसतील अशा कोपऱ्यावर उभं राहायची सवय. एकदा ती कळली की पुढच्या फोटोत पहिला अंदाज कुठे घ्यायचा ते सुचायला लागतं.

सगळेच असे सरळ नसतात. अमेरिकेत छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांचे सोबती 1977 ते 1979 या काळात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांचे फोटो घेऊन पश्चिमेकडचे डोंगर तुडवत होते. त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच वेळी उभं राहून पुन्हा फोटो काढायचा, हा त्यांचा खटाटोप. तिथं टिमथी ओसलिव्हन यांच्या एका फोटोतल्या कड्यांचा उतार काही केल्या जमेना. शेवटी उमगलं की ओसलिव्हन यांनी कॅमेराच तिरका धरला होता आणि साध्या उतारावरचे खडक नाट्यमय करून टाकले होते. क्लेट यांची रीत आजही जशीच्या तशी वापरता येते. जागेवर पोलरॉइडवर (फोटो लगेच हातात देणाऱ्या कॅमेऱ्यावर) फोटो काढायचा, जुन्या फोटोवर पट्टीनं दोन बिंदूंमधली आडवी आणि उभी अंतरं मोजायची, नव्या फोटोवर तीच मोजायची आणि गुणोत्तरं ताडायची. जवळच्या दोन बिंदूंमधलं अंतर लांबच्या दोन बिंदूंच्या मानानं नव्या फोटोत जास्त निघालं, तर तुम्ही फार पुढे आलात, मागे सरका. पोलरॉइडची जागा आता मोबाइलनं घेतली एवढंच.

पण जुळवायला टिकाऊ वस्तू निवडायच्या. झाडावर भरवसा नको. विंडोज एक्सपीचा तो हिरवा टेकडीवजा पडदा आठवतो ना, ज्यासमोर आपण सगळ्यांनी कॅफेत आणि कचेऱ्यांत तासन्‌तास घालवले? चार्ल्स ओरिअर यांनी तो जानेवारी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, हमरस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढला. तिथं खरं तर द्राक्षमळे असतात. फिलॉक्झेरा नावाच्या किडीनं वेली गेल्या, त्या उपटून टाकल्या आणि मधल्या काळात गवत माजलं, म्हणून ती टेकडी अशी गुळगुळीत दिसली. पुढे वेली परत लावल्या गेल्या. आज तिथं जाणाऱ्याला गवताचा गालिचा दिसत नाही, द्राक्षांच्या रांगा दिसतात. टेकडीचा उतार तेवढा तोच.

दगडही हलतात, आणि तेसुद्धा कामी येतं. क्रिमियाच्या युद्धात, 1855 साली रॉजर फेंटन यांनी एकाच जागी तिपाई ठेवून एका घळीचे दोन फोटो काढले. एकात तोफेचे गोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा, गोळे कडेच्या चरात. आधीचा कोणता? गोळे मुद्दाम रस्त्यावर मांडले की कुणी वाटेतून उचलले? माहितीपट बनवणारे एरॉल मॉरिस यांनी या प्रश्नासाठी थेट क्रिमिया गाठला, ती जागा शोधली, खराखुरा गोळा ठेवून सावल्या तपासल्या. सावल्यांनी ठाम काही सांगितलं नाही. उत्तर दिलं उतारावरच्या काही फुटकळ धोंड्यांनी. मोकळ्या रस्त्याच्या फोटोत ते वर आहेत, गोळे पसरलेल्या फोटोत जरा खाली घसरलेले. माणसांच्या वावरानं धोंडा उतारावरून खाली येतो, वर जात नाही. म्हणजे मोकळा रस्ता आधी, गोळे नंतर.

घरातल्या, आतल्या फोटोंचं काम सगळ्यांत कठीण. आपला माणिकबाग महाल घ्या. 1930 च्या दशकात यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस यांनी बांधून, सजवून दिलेला. तिथल्या खोल्यांचे फोटो जगभरच्या पुस्तकांत छापले जातात. पण सामान 1980 साली मॉन्टे कार्लोच्या लिलावात गेलं आणि महालात आता केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे. तिथं खुर्च्या-दिव्यांवरून जागा जुळवता येत नाही. खिडक्यांचं अंतर, जिन्याचं वळण, दारांची चौकट, एवढ्यावरच भागवावं लागतं. आणि यशवंतराव व त्यांच्या पत्नीचे, छायाचित्रकार मान रे यांनी काढलेले सुंदर फोटो घेऊन कुणी माणिकबागेत शोधत फिरू नये. ते फ्रान्समधले आहेत.

शोध घेताना एक पथ्य पाळावं. राजवाडा, किल्ला, घाट हे सगळ्यांचे. एखाद्याच्या गच्चीचा, अंगणाचा, मुलांचा अलीकडचा फोटो दिसला तर तो कुठला हे काढता येतं म्हणून चारचौघांत जाहीर करू नये. जी युक्ती इतिहासाला लागू पडते तीच शेजाऱ्याच्या घराचा पत्ताही काढून देते.

जागा मिळाली की तिथंच उभं राहून नोंद करा, घरी जाऊन आठवून नको. अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची उंची, कॅमेऱ्याचं तोंड कुठे, कोणत्या जोड्या जुळल्या, आणि खात्री कितपत. मी तीन शेरे वापरतो: ‘पक्की’ म्हणजे तीन रेघा एका बिंदूत, ‘रेघेवर’ म्हणजे दिशा कळली पण अंतर नाही, आणि ‘परिसर’. राजवाड्याचे जे फोटो ग्रुपवर येतात, त्यातले बरेचसे माझ्या वहीत अजून ‘रेघेवर’च आहेत. समोरच्या दोन माड्या पाडल्या गेल्या, आणि त्या किती उंच होत्या हे सांगणारा कागद मिळालेला नाही. कुणाच्या घरी त्या बाजूचा, म्हणजे राजवाड्याकडे पाठ करून काढलेला फोटो असेल तर तो हवा आहे.